युरोपात मोटारीने फिरताना बजेट साखळी हॉटेलांतला मुक्काम : टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

युरोपात भाड्याची मोटार घेऊन फिरून आलेल्या मराठी कुटुंबांच्या तक्रारी ऐकल्या, तर त्यांत रस्त्यांविषयी फारसे काही नसते. रात्री साडेदहाला पोहोचल्यावर हॉटेलचे दार बंद होते, चौघांसाठी म्हणून घेतलेली खोली दोघांचीच निघाली, पार्किंगचे पैसे निराळे द्यावे लागले, कार्ड यंत्राने स्वीकारले नाही, अशाच बहुतेक तक्रारी असतात. बजेट साखळी हॉटेलांचा, म्हणजे एकाच नावाने ठिकठिकाणी चालणाऱ्या स्वस्त हॉटेलांचा, दर कमी ठेवता येतो, कारण तेथे काम करणारी माणसे कमी असतात. आपल्याकडच्या लॉजवर 'थांबा, बघतो काहीतरी' म्हणणारा व्यवस्थापक भेटतो. फ्रान्समधल्या बाह्यवळण रस्त्यावरच्या हॉटेलात रात्री तो घरी गेलेला असतो. त्यामुळे एरवी रिसेप्शनवर बोलून सुटणारी प्रत्येक गोष्ट येथे आरक्षणापूर्वीच सोडवून ठेवावी लागते. बहुतेक जण आधी दर पाहतात आणि बाकीचे नंतर. पुढील क्रम त्याच्या उलट आहे.

टप्पा १ : आधी पोहोचण्याची वेळ ठरवा, मग गाव

दिवसाचे अंतर ३०० ते ३५० किलोमीटरांच्या आत ठेवावे. फ्रान्सच्या महामार्गावर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर असली, तरी पावसात ती ११० होते, आणि टोल, इंधन, मुलांचे थांबणे, जेवण हे सर्व धरले की नकाशावर दिसणाऱ्या वेळेत किमान एक तृतीयांश भर घालावी लागते. त्या हिशेबाने संध्याकाळी सहाच्या सुमारास पोहोचता येईल असे गाव निवडावे. फ्रँकफर्टहून पॅरिसचा रस्ता पावणेसहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तो एका दिवसात कापता येतो, पण शेवटचा तास पॅरिसच्या परिघावरच्या गर्दीत जातो. वाटेतल्या मेत्स येथे एक रात्र घेतली, तर दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात आणि ताज्या डोळ्यांनी शहरात शिरता येते.

मुंबईहून रात्रभराचे विमान करून उतरलेल्या चालकाने पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा अधिक गाडी चालवू नये. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आहे, गिअर उजव्या हाताला आला आहे आणि झोप झालेली नाही, अशा स्थितीत लांबचे हॉटेल गाठण्यात शहाणपण नाही. विमानतळाजवळच्या साखळी हॉटेलात पहिला मुक्काम करावा, आणि शक्य असल्यास मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यावी.

व्हिसाचा अर्जही याच टप्प्याशी बांधलेला आहे. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा सामायिक व्हिसा) ज्या देशात सर्वाधिक रात्री राहायचे, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. रात्री समान असतील, तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. सीमेजवळच्या स्वस्त हॉटेलांमुळे हा हिशेब नकळत बदलतो. जिनिव्हा पाहण्यासाठी फ्रान्समधल्या अनमास येथे आणि बाझेल पाहण्यासाठी फ्रान्समधल्याच सँ-लुई येथे राहणे खिशाला बरे पडते, परंतु त्या रात्री स्वित्झर्लंडच्या नव्हे तर फ्रान्सच्या खात्यात जमा होतात.

तपासणी : निवडलेल्या तारखांना त्या शहरात मोठे व्यापारी प्रदर्शन किंवा उत्सव आहे का, ते पाहावे. ऑक्टोबरातला फ्रँकफर्टचा पुस्तकमेळा, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट किंवा वसंतातले हॅनोव्हरचे औद्योगिक प्रदर्शन या काळात बजेट हॉटेलाचा दर एरवीच्या दुप्पट-तिप्पट होणे नवलाचे नाही. अशा वेळी पन्नास किलोमीटर अलीकडे थांबावे.

टप्पा २ : साखळी ओळखा आणि खोलीचा प्रकार नीट वाचा

'बजेट' या एका शब्दाखाली फार भिन्न खोल्या येतात, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात.

सर्वांत खालच्या पायरीवर फ्रान्समधले 'हॉटेल एफ-वन' आहे. तेथे अनेक खोल्यांसाठी शौचालय आणि शॉवर बाहेर, सामायिक असतात. दोन तरुण मित्रांना ते चालेल, आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याने तो विचार सोडून द्यावा. त्याच्या वर 'आयबिस बजेट', 'प्रीमिएर क्लास' आणि 'बी अँड बी हॉटेल्स' येतात. यांत शौचालय व शॉवर खोलीतच असतात, परंतु खोली लहान असते. जर्मनीतले 'मोटेल वन' दिसायला चांगले असते आणि बहुधा शहराच्या मध्यवस्तीत असते, म्हणून मोटारवाल्याला पार्किंगचा खर्च सोसावा लागतो. ब्रिटनमधल्या 'प्रीमियर इन' आणि 'ट्रॅव्हलॉज' यांच्या खोल्यांत चहाची किटली असते. युरोपच्या मुख्य भूमीवरील बजेट खोल्यांत ती असेलच असे धरून चालू नये. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही, त्याचा व्हिसा निराळा, हेही ध्यानात असू द्यावे.

खोलीत किती माणसे राहतील ही संख्या अग्निसुरक्षेच्या नियमांशी जोडलेली असते. तेथे 'लहान मूल आहे, आमच्याजवळच झोपेल' हा युक्तिवाद चालत नाही. 'आयबिस बजेट'च्या अनेक खोल्यांत मोठ्या पलंगावर आडवा असा एक वरचा पलंग असतो आणि ती खोली तिघांची असते. दोन मुले असलेल्या कुटुंबाने चौघांची कौटुंबिक खोली असलेले हॉटेल शोधावे ('बी अँड बी'च्या काही ठिकाणी ती मिळते), अन्यथा दोन खोल्या घ्याव्यात. जमिनीवर अंथरायला जादा गादी मागून मिळत नाही, आणि खरे सांगायचे तर अंथरायला जमीनही उरलेली नसते.

पलंग जोडलेला की दोन स्वतंत्र, हेही वाचावे. दोन मैत्रिणी किंवा वडील व मुलगा एकत्र जात असतील, तर स्वतंत्र पलंगांची खोली आरक्षणातच निवडावी. रात्री ती बदलून द्यायला कोणी नसते.

इशारा : काही साखळ्यांच्या खोल्यांत शॉवरची जागा खोलीच्या कोपऱ्यातच, काचेच्या दाराआड असते. सासू-सासरे आणि सून एका खोलीत राहणार असतील, तर छायाचित्रे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. जुलै-ऑगस्टमध्ये जायचे असेल, तर वातानुकूलन आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. उत्तरेकडच्या जुन्या इमारतींत ते नसते, आणि महामार्गाच्या बाजूची खिडकी रात्री उघडी ठेवणे आवाजामुळे कठीण जाते.

रोज वरण-भात हवाच असणाऱ्या कुटुंबाने बजेट हॉटेलाच्या खोलीत इंडक्शन शेगडी नेण्याचा बेत करू नये. खोलीत स्वयंपाक करण्यास मनाई असते आणि फोडणीच्या धुराने धूरसूचक यंत्र वाजले, तर सगळी इमारत खाली उतरते. अशांनी तीन-चार रात्रींतून एकदा छोटे स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट-हॉटेल घ्यावे. 'अदाजिओ अॅक्सेस' ही त्या प्रकारातली स्वस्त साखळी आहे. बाकीच्या रात्री थेपले, दशम्या, मेतकूट, कोरडी चटणी यांवर निभावते.

टप्पा ३ : नकाशावर हॉटेलची जागा तपासा

एका शहरात एकाच साखळीची पाच-सहा हॉटेले असू शकतात आणि त्यांच्या नावांत शेवटच्या शब्दापुरताच फरक असतो. गाडीच्या दिशादर्शकात साखळीचे आणि शहराचे नाव टाकून निघणारा मनुष्य चुकीच्या हॉटेलात पोहोचतो. रस्ता, क्रमांक आणि पिनकोड असा पूर्ण पत्ता टाकावा. त्यातही एक गंमत अशी, की एकाच आवारात एकाच समूहाची दोन-तीन हॉटेले शेजारी-शेजारी उभी असतात : एक 'आयबिस', त्याला लागून 'आयबिस बजेट', पलीकडे 'नोव्होटेल'. आरक्षण कोणत्या दाराचे आहे, ते पावतीवर पाहूनच सामान उतरवावे.

पत्ता मिळाल्यावर नकाशावर पुढील गोष्टी पाहाव्यात, आणि याला प्रत्येक मुक्कामासाठी दहा मिनिटे द्यावीत.

पहिली, महामार्गाच्या कोणत्या निर्गमनावर (एक्झिटवर) उतरायचे. हॉटेल महामार्गालगत दिसते, पण निर्गमन चुकले तर परत फिरायला पंधरा-वीस किलोमीटर आणि कधी पुन्हा टोल पडतो. निर्गमनाचा क्रमांक कागदावर लिहून शेजारच्या माणसाकडे द्यावा.

दुसरी, पार्किंग. शहराबाहेरच्या हॉटेलांत ते बहुधा मोफत व आवारातच असते. शहरात ते सशुल्क, भूमिगत आणि कधी शेजारच्या इमारतीत असते. भूमिगत वाहनतळाच्या छताची उंची १.९० मीटर असणे सामान्य आहे, म्हणून नऊ आसनी व्हॅन घेणाऱ्या दोन कुटुंबांनी गाडीची उंची आधी जाणून घ्यावी.

तिसरी, पर्यावरणाचे आणि प्रवेशाचे निर्बंध. जर्मनीतल्या अनेक शहरांच्या मध्यभागी कमी प्रदूषणाचा हिरवा स्टिकर असलेल्या गाड्यांनाच प्रवेश आहे. जर्मनीत भाड्याने घेतलेल्या गाडीवर तो सहसा असतो, पण फ्रान्समध्ये घेतलेल्या गाडीवर नसतो. बेल्जियममधल्या ब्रसेल्स, अँटवर्प आणि गेंट येथे परदेशी नोंदणीची गाडी नेण्यापूर्वी तिची ऑनलाइन नोंद करावी लागते. इटलीत जुन्या शहरांच्या गाभ्यात मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते, ज्याला तेथे 'झेडटीएल' म्हणतात. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस गाडीच्या कंपनीमार्फत, तिच्या सेवाशुल्कासह, काही महिन्यांनी पुण्या-ठाण्याच्या पत्त्यावर येते. फ्लोरेन्समध्ये मोटार असणाऱ्याने शहराबाहेर राहून ट्रामने आत जावे, हेच उत्तम.

चौथी, रात्रीचे जेवण. औद्योगिक वसाहतीतल्या हॉटेलांभोवती संध्याकाळी सातनंतर सामसूम होते. जर्मनीत रविवारी सुपरमार्केट बंद असतात, त्यामुळे रविवारच्या मुक्कामाची खरेदी शनिवारीच करावी.

टप्पा ४ : आरक्षण करा

व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा न मिळणारा स्वस्त दर घेऊ नये. व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा लागतो, म्हणून प्रथम विनामूल्य रद्द करता येणारी आरक्षणे करावीत, त्यांची अंतिम रद्द-तारीख वहीत लिहावी, आणि व्हिसा मिळाल्यावर ज्या रात्री पक्क्या आहेत त्यांचाच स्वस्त दर घ्यावा. दोन दरांतला फरक थोडा असेल, तर मोटारीच्या प्रवासात रद्द करता येणारा दरच ठेवावा. गाडी बिघडते, घाटात बर्फ पडते, मूल आजारी पडते.

दर ताडताना चार आकडे एकत्र मांडावेत : खोलीचा दर, न्याहारी, पार्किंग आणि स्थानिक पर्यटक कर. न्याहारी बहुतेक बजेट साखळ्यांत स्वतंत्र असते. 'हॉलिडे इन एक्स्प्रेस'मध्ये ती दरातच धरलेली असते, म्हणून वरवर महाग वाटणारी ती खोली चौघांच्या हिशेबात कधी स्वस्त पडते. पर्यटक कर बहुधा दरमाणशी, दररात्री असतो आणि अनेकदा हॉटेलातच भरायचा असतो.

मुलांची संख्या आणि वये आरक्षणात खरी लिहावीत. नावे पासपोर्टाप्रमाणेच असावीत. इटली आणि स्पेनमध्ये प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंद पोलिसांकडे कळवणे हॉटेलांना बंधनकारक आहे, त्यामुळे सर्वांचे मूळ पासपोर्ट हाताशी लागतात.

इशारा : कार्डाची हमी न दिलेले आरक्षण संध्याकाळी ठरावीक तासानंतर आपोआप रद्द होऊ शकते. आरक्षणाच्या अटींत तो तास शोधावा. साखळीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर केलेल्या आरक्षणात उशिरा येण्याची वेळ कळवणे आणि प्रवेशाचा सांकेतिक क्रमांक (रिसेप्शन बंद असताना दार उघडणारा आकडा) मिळवणे सोपे जाते. दर सारखा असेल, तर तेथूनच घ्यावे.

टप्पा ५ : निघण्यापूर्वी कार्ड, फोन आणि कागद

रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमांनुसार नव्या कार्डावर परदेशातील व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अॅपमधून ते सुरू करावेत, मर्यादा वाढवावी आणि पिन पाठ करावा; रिसेप्शन बंद असताना प्रवेश देणारी हॉटेलच्या दारातली यंत्रे सही घेत नाहीत, पिन मागतात. गाडीच्या कंपनीला मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते आणि त्यावर अनामत अडकवून ठेवली जाते. तीच मर्यादा हॉटेलांसाठी वापरायची असेल, तर ती पुरणार नाही. एकाच्या नावाने गाडी आणि दुसऱ्याच्या कार्डावर हॉटेले, अशी विभागणी करावी. ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू असावे. युरोपीय संघातल्या सिमचे रोमिंग संघात सर्वत्र चालते, पण स्वित्झर्लंड संघात नाही. हॉटेलचा ई-मेल नेमका तेथेच उघडायची वेळ येऊ शकते.

आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आरटीओकडून घ्यावा. त्याची मुदत एक वर्षाची असते आणि मूळ परवान्यासोबतच तो ग्राह्य धरला जातो. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. गाडी कोणकोणत्या देशांत नेणार, ते भाडे-करारात लिहवून घ्यावे. लहान मुलांसाठी आसन आधीच मागवावे. जर्मनीत १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ते सक्तीचे आहे.

तपासणी : प्रत्येक हॉटेलासाठी एक कागद तयार असावा. त्यावर पूर्ण पत्ता, निर्गमनाचा क्रमांक, आरक्षण क्रमांक, रिसेप्शनच्या वेळा, फोन आणि पार्किंगची माहिती लिहिलेली असावी. फोनची बॅटरी संपली तरी या कागदावर मुक्काम गाठता येतो.

टप्पा ६ : मुक्कामाच्या दिवशी

निघताना दिशादर्शकात टोलचे मार्ग तपासावेत. स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठी ४० फ्रँकची वार्षिक विन्येट (महामार्गाचे शुल्क भरल्याची खूण) लागते, कमी मुदतीची मिळत नाही. हॉटेल सँ-लुईचे असले, तरी नकाशा तुम्हाला बाझेलच्या महामार्गावरून नेऊ शकतो, तेव्हा मार्ग आधी पाहावा. फ्रान्समध्ये केवळ 'टी' अक्षर असलेल्या टोलमार्गिकेत शिरू नये, ती टॅगवाल्यांची आहे.

इंधन महामार्गावर महाग असते. मुक्कामाच्या गावातल्या सुपरमार्केटच्या पंपावर ते स्वस्त मिळते. नळीवरची चिन्हे पाहावीत : पेट्रोलचे 'ई' अक्षर वर्तुळात आणि डिझेलचे 'बी' अक्षर चौकोनात असते. माणूस नसलेला पंप कार्डावर शंभर-दीडशे युरो तात्पुरते रोखून धरतो, त्यासाठी मर्यादा शिल्लक ठेवावी.

दुपारी चारच्या सुमारास थांबून हिशेब करावा. रिसेप्शनच्या वेळेत पोहोचणे शक्य दिसत नसेल, तर तेव्हाच फोन किंवा संदेश करून सांकेतिक क्रमांक मागून घ्यावा. रिसेप्शन बंद झाल्यावर लावलेला फोन बहुधा वाजत राहतो.

टप्पा ७ : रिसेप्शन बंद असताना प्रवेश

१. गाडी आवारात घेण्यापूर्वी फाटकाजवळ थांबा. फाटक बंद असेल, तर त्याचा आकडा आरक्षणाच्या ई-मेलमध्ये शोधा.

२. मुख्य दाराबाहेर किंवा दारांच्या मधल्या जागेत यंत्र असते. भाषा इंग्रजी निवडा, आरक्षण क्रमांक किंवा ज्याच्या नावे आरक्षण आहे त्याचे आडनाव टाका. आडनाव पासपोर्टातल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणेच टाइप करा.

३. यंत्र कार्ड मागेल. आगाऊ पैसे भरले असले, तरी पर्यटक कर किंवा हमीसाठी ते लागू शकते.

४. यंत्रातून येणाऱ्या पावतीवर खोलीचा क्रमांक आणि दाराचा आकडा असतो, किंवा किल्लीचे कार्ड बाहेर येते. पावतीचे लगेच छायाचित्र काढा आणि ते सोबतच्या प्रत्येकाला पाठवा. पावती खोलीत ठेवून बर्फाचे पाणी आणायला खाली उतरलेला माणूस बाहेरच राहतो.

५. यंत्राने कार्ड दोनदा नाकारले, तर तिसऱ्यांदा तेच कार्ड घालू नका, दुसरे वापरा. त्यानेही जमले नाही, तर दारावर लिहिलेला रात्रीचा क्रमांक लावा.

सामान सगळे एकदम उतरवू नये. एकाने आत जाऊन खोली उघडते का आणि पलंग किती आहेत ते पाहावे, मग बाकीच्यांनी उतरावे. मात्र रात्री गाडीत काहीही दिसेल असे ठेवू नये. रिकामी पिशवीसुद्धा काच फोडायला पुरेसे निमित्त होते. पासपोर्ट आणि लॅपटॉप खोलीतच न्यावेत.

टप्पा ८ : खोलीत आणि सकाळी

आत गेल्यावर प्रथम खोलीची छायाचित्रे काढावीत, मग टॉवेल मोजावेत. साबण भिंतीवरच्या डब्यात असतो, टूथब्रश-कंगवा मिळत नाही, शौचालयात जेट नसतो. एक लहान प्लास्टिकचा तांब्या बॅगेत असला, की हा प्रश्न मिटतो. प्लगसाठी दोन गोल पिनांचे अॅडॉप्टर लागते आणि खोलीत प्लग दोन-तीनच असतात, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड न्यावा. शॉवरखालचे पाणी बाहेर आले, तर बाहेर कोरडी फरशी उरत नाही. आंघोळ बादलीची नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

न्याहारी रात्री ठरवू नये. प्रत्येकी सात ते बारा युरो देऊन पाव, जॅम, चीज, दही, कॉफी मिळते. भरपेट खाणाऱ्यांना ते परवडते, चहा-बिस्किटांवर भागणाऱ्यांना नाही. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाने वेगळा निर्णय घेतला तरी चालते.

सकाळी निघताना किल्लीचे कार्ड परत करावे, पर्यटक कराची पावती घ्यावी आणि पार्किंगचे पैसे गाडीत बसण्याआधी यंत्रात भरावेत. फाटकाशी पोहोचल्यावर मागे रांग लागते. आदल्या दिवशी फ्रान्समध्ये पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ किंवा ए-१४ महामार्गावरून आला असाल, तर तेथे टोलनाके उरलेले नाहीत, टोल ७२ तासांत ऑनलाइन भरायचा असतो. तो न्याहारीच्या टेबलावर बसूनच भरून टाकावा, कारण त्यानंतर दंड लागतो आणि तो भाड्याच्या कंपनीमार्फत वसूल होतो.